जठरातील जिवाणू आणि शरीराचा प्रतिकार

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू माणसाच्या जठरात राहतो. एकदा तिथे स्थिरावला, की औषधोपचार झाला नाही तर तो बहुधा आयुष्यभर मुक्काम हलवत नाही. शरीराला त्याचा पत्ता लागत नाही असे मुळीच नाही. शरीर त्याला ओळखते, त्याच्यावर पांढऱ्या पेशी पाठवते, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि वर्षानुवर्षे जठराच्या अस्तरात दाह पेटता ठेवते. एवढे करूनही तो जात नाही. जगातील जवळपास निम्म्या आणि भारतातील निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो आढळत आला आहे. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा आयुष्यात कधी त्रास होत नाही. शंभरातील दहा-पंधरा जणांना केव्हातरी जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण होतो, आणि एक ते तीन जणांना जठराचा कर्करोग. एकाच जिवाणूमुळे एवढी निरनिराळी फळे का मिळतात, याचे उत्तर जिवाणूत जितके आहे त्याहून अधिक प्रतिकाराच्या तऱ्हेत आहे. प्रतिकार जोरात झाला की माणूस सुरक्षित, ही समजूत जठराच्या बाबतीत टिकत नाही.

जठरातील रस कमालीचा आम्ल असतो. त्याचा सामू जेवणापूर्वी एक ते दोनच्या आसपास असतो आणि अन्नाबरोबर गिळलेले बहुतेक जिवाणू त्यात काही मिनिटांतच मरतात. त्यामुळे जठर हा निर्जंतुक अवयव आहे, असे वैद्यकाची पुस्तके दीर्घकाळ सांगत होती. याला अपवाद दिसत नव्हते असे नाही. इटलीत बिझ्झोझेरो यांनी १८९३ मध्ये कुत्र्यांच्या जठरात नागमोडी जिवाणू पाहिले होते, पोलंडमध्ये यावोर्स्की यांनी १८९९ मध्ये माणसाच्या जठरातून काढलेल्या द्रवात तसेच काही पाहिल्याची नोंद केली होती. मात्र १९५४ मध्ये अमेरिकेत पामर यांनी १,१८० जणांच्या जठराचे तुकडे तपासले, त्यांत त्यांना एकही असा जिवाणू दिसला नाही, आणि विषय मिटल्यासारखा झाला. त्यांनी वापरलेल्या रंगद्रव्याने हा जिवाणू नीट उठून दिसत नाही, हे नंतर लक्षात आले. मधल्या काळात अल्सरचे खापर तिखटावर आणि काळजीवर फुटत राहिले. सावजी रश्श्याची ख्याती असलेल्या नागपूर-वर्धा पट्ट्यात तर ते फुटणारच! तिखटाने आधीच सुजलेल्या अस्तराची जळजळ वाढू शकते. व्रण निर्माण करण्याचे काम मात्र त्याचे नव्हे.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९७९ मध्ये रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाचे लक्ष या जिवाणूंकडे गेले ते दाहामुळेच. जिथे अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी होती, तिथे वरच्या श्लेष्मात नागमोडी जिवाणू हटकून दिसत. जिथे दाह नव्हता तिथे तेही नव्हते. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत संवर्धनाच्या ताटल्या दोन दिवसांनी फेकल्या जाण्याऐवजी पाच दिवस तशाच राहिल्या आणि हा हळू वाढणारा जिवाणू प्रथमच प्रयोगशाळेत उगवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्याचे संवर्धन स्वतः पिऊन पाहिले. काही दिवसांत मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, आणि दहाव्या दिवशी दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात दाह स्पष्ट दिसला. आधी निरोगी असलेल्या जठरात जिवाणूनेच प्रतिकार जागवला, याचा हा थेट पुरावा होता. दोघांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जठरात इतर जिवाणूही सापडतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेवीस माणसांच्या जठरातील जनुकीय खुणांवरून १२८ प्रकार मोजले गेले. त्यांतील बरेचसे तोंडातून आणि घशातून लाळेबरोबर उतरलेले पाहुणे असतात. आम्ल शाबूत असेपर्यंत त्यांचा जम बसत नाही आणि प्रतिकारसंस्थाही त्यांची फारशी दखल घेत नाही. जठराला खरोखर आपले घर मानणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हाच.

त्याचे घर नेमके कुठे आहे, हे कळल्याशिवाय पुढचे कळत नाही. जठराच्या अस्तरावर श्लेष्माचा, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रवाचा, थर असतो. या थराच्या वरच्या बाजूला आम्ल असते, तर पेशींना लागून असलेल्या तळाशी सामू जवळजवळ उदासीन असतो. जिवाणू आम्लात राहत नाही. तो आम्लातून फक्त पार होतो. त्यासाठी त्याच्याकडे युरिएज नावाचे विकर आहे. त्याच्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे दहावा हिस्सा या एकाच विकराचा असतो. शरीरात सर्वत्र असणाऱ्या युरियाचे ते अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करते. अमोनियामुळे जिवाणूभोवतीचे आम्ल मारले जाते आणि श्लेष्माचा घट्टपणाही कमी होतो. नागमोडी शरीर आणि एका टोकाला असलेल्या शेपटासारख्या कशाभिका यांच्या जोरावर तो त्यातून पोहत तळ गाठतो. बहुतेक जिवाणू श्लेष्मातच तरंगत राहतात, थोडे पेशींना चिकटतात आणि काही ग्रंथींच्या खोलगट भागांत शिरतात. पेशींच्या आत किंवा रक्तात तो क्वचितच जातो. प्रतिकारसंस्थेची अडचण इथूनच सुरू होते. तिच्या बहुतेक पेशी अस्तराच्या आतल्या बाजूला असतात आणि जिवाणू बाहेरच्या बाजूला.

निरोगी जठरात प्रतिकारपेशी थोड्याच असतात. लहान आतड्याच्या भिंतीत प्रतिकारपेशींचे संघटित पुंजके असतात, ज्यांना पायरचे पुंजके म्हणतात. तसे काही जठरात मुळात नसते, कारण तिथे आम्ल हाच मोठा बंदोबस्त आहे. आम्ल ओलांडून कोणी आत आलेच, तर त्याची पहिली दखल अस्तराच्या पेशींनाच घ्यावी लागते.

या पेशींवर आणि त्यांच्या आत जिवाणूंचे ठरावीक घटक ओळखणारे ग्राहक असतात. बहुतेक रोगकारक जिवाणू आपल्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइडमुळे किंवा कशाभिकेतील फ्लॅजेलिन प्रथिनामुळे पकडले जातात. हेलिकोबॅक्टरने या दोन्ही ठिकाणी बदल केलेले आहेत. त्याच्या लिपोपॉलिसॅकराइडचा मेदाम्ल असलेला भाग अशा रीतीने छाटलेला असतो, की त्याची दाह चेतवण्याची ताकद आतड्यातील ई. कोलाय जिवाणूच्या तुलनेत शेकडो पटींनी क्षीण ठरते. त्याचे फ्लॅजेलिन ज्या ठिकाणी ग्राहकाला पकडता आले असते, तिथली रचना बदललेली असल्याने टीएलआर-५ हा ग्राहक त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. शिवाय त्याच्या आवरणावर लुइस गटाच्या शर्करा असतात. त्याच शर्करा माणसाच्या जठरपेशींवरही असतात. ज्याच्या अंगावर आपलीच खूण आहे, त्याला परका ठरवताना प्रतिकारसंस्था कचरते.

या जिवाणूचे अनेक वाण मात्र स्वतःच हा आडोसा मोडतात. त्यांच्या जनुकसंचात सुमारे चाळीस हजार बेसजोड्यांचा एक तुकडा असतो, त्याला कॅग जनुकबेट म्हणतात. या तुकड्यातील जनुके सुईसारखी एक यंत्रणा उभारतात. जिवाणू तिच्या साहाय्याने कॅग-ए नावाचे प्रथिन थेट अस्तराच्या पेशीत टोचतो. कॅग-ए पेशीच्या आतील संदेशवहन बिघडवते, पेशींचे एकमेकींशी असलेले जोड सैल करते. त्याच वाटेने जिवाणूच्या भित्तिकेचे बारीक अंशही पेशीत शिरतात, आणि पेशीच्या आत बसलेला नॉड-१ हा ग्राहक ते ताबडतोब ओळखतो. मग पेशी इंटरल्यूकिन-८ हा रासायनिक संदेश सोडते. त्याच्या मागोमाग रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात. वॉरन यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली गर्दी ती हीच.

न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी आहेत. जिवाणू गिळायचे आणि ऑक्सिजनच्या तीव्र संयुगांनी मारायचे, ही त्यांची रीत. हेलिकोबॅक्टरकडे या संयुगांचा निचरा करणारी कॅटॅलेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ही विकरे भरपूर असतात. मॅक्रोफेजला नायट्रिक ऑक्साइड बनवायला आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागते. जिवाणूचे आर्जिनेज विकर तेच आधी खाऊन टाकते. गिळला गेला तरी तो मॅक्रोफेजमधील पोकळ्या एकत्र जोडून काही काळ तग धरतो. शेवटी होते असे, की जिवाणूंना मारण्यासाठी सोडलेली संयुगे अस्तराच्याच पेशींना भाजतात. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या भराभर विभागतात, आणि घाईने होणाऱ्या विभाजनात डीएनएच्या चुका साठत जातात. ज्या अन्नरसांनी आणि लोहाने जिवाणूचे पोषण होते, तेही दाहामुळे झिरपून बाहेर येते. म्हणजे थोडा दाह त्याला मानवतोच.

न्यूट्रोफिलांचा हा पहिला झपाटा काही दिवसांचा असतो. पुढचा काळ टी आणि बी या लिम्फोसाइट पेशींचा. जठरातून सुटलेले जिवाणू आणि त्यांचे अंश लहान आतड्यात वाहत जातात, तिथे पायरच्या पुंजक्यांत उचलले जातात आणि टी पेशींसमोर मांडले जातात. अशा रीतीने तयार झालेल्या टी पेशी जठराच्या अस्तरात येऊन स्थिरावतात. त्यांतील टी-एच-१ पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून मॅक्रोफेजना चेतवतात, टी-एच-१७ पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडून न्यूट्रोफिल बोलावत राहतात. प्राण्यांवरील प्रयोगांत लस देऊन जिवाणूंना आळा घालता आला, तेव्हा ते काम या मदतनीस टी पेशींनीच केले होते.

जिवाणूही या पेशींना मोकळे सोडत नाही. त्याचे व्हॅक-ए हे विष जठरपेशींमध्ये पोकळ्या पाडते म्हणून प्रथम ओळखले गेले. पुढे कळले की ते टी पेशींचे विभाजनही थांबवते. गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज हे विकरही तेच करते, आणि त्याखेरीज प्रतिजन मांडणाऱ्या वृक्षिका पेशींना अशा वळणावर नेते, की त्या लढाऊ टी पेशींऐवजी नियामक टी पेशी घडवू लागतात.

नियामक टी पेशी इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही द्रव्ये सोडून इतर प्रतिकारपेशींना आवर घालतात. संसर्ग झालेल्या जठरात त्यांची संख्या वाढलेली आढळते, आणि या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. ते एका जुन्या कथेवरून चटकन कळते. वर्धा जिल्ह्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, असे स्थानिक परंपरा मानते. कथेत एकचक्रेच्या लोकांनी बकासुराशी ठराव केलेला असतो: पाळीपाळीने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडी नेणारा माणूस त्याला पोचता करायचा, आणि त्याने गावावर तुटून पडायचे नाही, उलट बाहेरच्या शत्रूंपासून गावाला राखायचे. भीम येईपर्यंत गाव या ठरावावर जगते. जठरातील ठरावही असाच आहे. थोडा दाह, थोडी झीज हा रोजचा हप्ता. बदल्यात अस्तर बहुतांशी शाबूत राहते आणि जिवाणूही टिकतो. ठराव न्याय्य नाही. तो मोडण्याची किंमत मात्र त्याहून जास्त ठरू शकते.

ही किंमत उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट दिसली आहे. इंटरल्यूकिन-१० बनवू न शकणाऱ्या उंदरांना जठरजिवाणूंचा संसर्ग दिला, तेव्हा त्यांनी जिवाणू बऱ्याच अंशी हटवले, पण त्यांच्या जठराला तीव्र दाह झाला. नियामक टी पेशी काढून टाकलेल्या उंदरांतही जिवाणूंची संख्या घटली आणि दाह वाढला. याउलट जन्मल्यानंतर लगेच संसर्ग झालेले उंदीर पिल्लू असतानाच जिवाणू सोसायला शिकतात. पुढे त्यांचे जठर जिवाणूंनी भरलेले, पण फारशी इजा न झालेले असते. माणसातही याच्याशी जुळणारे निरीक्षण आहे. चिलीमधील एका अभ्यासात संसर्ग झालेल्या मुलांच्या जठरात प्रौढांपेक्षा नियामक टी पेशी अधिक आणि दाह कमी आढळला. बालपणी संसर्ग झालेल्यांत दमा कमी दिसतो असेही काही पाहण्या सांगतात. हा संबंध सर्वच पाहण्यांत सारखा दिसत नाही, त्यामुळे जिवाणू मुलांसाठी ‘चांगला’ आहे, असे त्यावरून म्हणणे उतावीळपणाचे होईल.

प्रतिपिंडांची भूमिका या सगळ्यात अनपेक्षितपणे दुय्यम आहे. संसर्गानंतर काही आठवड्यांत रक्तात आयजीजी आणि श्लेष्मात आयजीए ही प्रतिपिंडे भरपूर तयार होतात, आणि संसर्ग असेपर्यंत तर टिकतातच. निदानासाठी ती उपयोगी पडली, पण जिवाणूला घालवण्यासाठी नाही. सतत बदलत्या श्लेष्मात ती विरळ होतात, आम्लात बिघडतात, आणि जिवाणू आपल्या पृष्ठभागावरील प्रथिने झटकत राहतो. प्रतिपिंडे बनवू न शकणाऱ्या उंदरांनी जिवाणूवर अधिक लवकर ताबा मिळवल्याचीही नोंद आहे. काही प्रतिपिंडे तर उलटतात. जिवाणूच्या आणि जठराच्या रेणूंमधील साम्यामुळे जठरात आम्ल बनवणाऱ्या पंपाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. ज्यांच्या रक्तातील बिंबाणू प्रतिकारसंस्थेकडूनच नष्ट होत असतात, अशा काही रुग्णांत हा जिवाणू काढून टाकल्यावर बिंबाणूंची संख्या सुधारते, तीही याच गोंधळाची साक्ष मानली जाते.

दाह जठराच्या कोणत्या भागात जास्त आहे, यावरून पुढचा आजार ठरतो. जठराच्या खालच्या टोकाला, आतड्याच्या तोंडाशी दाह जास्त असेल, तर तिथल्या सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात, गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते आणि वरच्या निरोगी भागातून आम्ल अधिक सुटते. ते आम्ल पुढे लहान आतड्यात उतरून तिथे व्रण पाडते. भारतात जठराच्या व्रणापेक्षा हा आतड्याचा व्रण जास्त आढळत आला आहे. दाह वर, जठराच्या मुख्य भागात पसरला, तर आम्ल बनवणाऱ्या पेशीच झिजतात. आम्ल घटते, अस्तर पातळ होते, जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, आणि काही दशकांनंतर त्यांतून कर्करोग उद्भवू शकतो. इंटरल्यूकिन-१-बीटा हा दाहाचा संदेशवाहक आम्लाचा स्राव जोरदार दाबतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्कॉटलंड आणि पोलंडमधील ज्या लोकांत या द्रव्याचे जनुक जादा जोमाचे होते, त्यांना जठराच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला. जिवाणू तोच आणि ठिकाणही तेच. फरक फक्त यजमानाच्या प्रतिकाराच्या तीव्रतेचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हा जिवाणू पहिल्या गटातील कर्ककारक म्हणून नोंदवला.

आजाराचा तिसरा मार्ग विरळ असला तरी अभ्यासकांना मोलाचा वाटतो. मुळात जठरात नसलेले बी पेशींचे पुंजके दीर्घ संसर्गामुळे तिथे तयार होतात. त्यांतील एखाद्या पेशीचा वंश बेताल वाढला, तर लसिका अर्बुद (लिम्फोमा) होते. १९९३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी दाखवले, की सुरुवातीच्या अवस्थेतील असे अर्बुद केवळ प्रतिजैविकांनी जिवाणू मारल्यावर ओसरू शकते. बी पेशींना वाढायला लावणारी चेतना जिवाणूकडून येत होती. ती थांबली आणि अर्बुदाचा आधार गेला.

माणूस आणि हा जिवाणू यांची सोबत फार जुनी आहे. निरनिराळ्या खंडांतील वाणांच्या जनुकांतील फरक मोजून २००७ मध्ये असा निष्कर्ष निघाला, की सुमारे ५८ हजार वर्षांपूर्वी माणूस पूर्व आफ्रिकेतून पांगला, तेव्हा हा त्याच्या जठरातच होता. त्याच वर्षी हैदराबादच्या संशोधकांनी भारतातील वाणांचे नाते युरोपीय वंशाशी जुळत असल्याचे मांडले. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातील जिवाणूचा जनुकसंच २०१६ मध्ये वाचला गेला. तो आजच्या युरोपीय वाणांपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातील वाणांच्या अधिक जवळचा निघाला. त्याच जठरात न्यूट्रोफिल सोडतात ती दाहाची प्रथिनेही सापडली. म्हणजे त्या माणसाच्या पोटातही हाच संघर्ष चालू होता.

भारतातील चित्र अभ्यासकांना बरीच वर्षे कोड्यात टाकत आले आहे. इथे संसर्ग लहानपणीच होतो. मुंबईत १९९० च्या दशकात रक्तातील प्रतिपिंडे तपासली गेली, तेव्हा पाच वर्षांखालील मुलांतही ती आढळली, दहाव्या वर्षापर्यंत प्रमाण झपाट्याने चढले आणि विशीपर्यंत बहुसंख्य तरुणांत ती होती. वाणही सौम्य म्हणावेत असे नाहीत. कोलकात्याच्या संशोधकांना कॅग जनुके व्रण असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही गटांतील जिवाणूंत जवळजवळ सारखीच सापडली. पाश्चात्त्य देशांत धोक्याची मानलेली खूण इथे रोगी आणि निरोगी यांत भेद करू शकली नाही. एवढा संसर्ग, एवढे तिखट वाण, तरी जठराचा कर्करोग मात्र जपान, कोरिया किंवा चीनच्या मानाने कितीतरी कमी. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेमार्फत ज्या वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी होते, तिथे किंवा नागपुरात पुरुषांमध्ये वरचे स्थान तोंडाच्या कर्करोगाचे आहे आणि त्याचे कारण तंबाखू आहे. जठराचा कर्करोग यादीत बराच खाली येतो. त्याच देशात मिझोरममधील ऐझॉल येथे मात्र पुरुषांत जठराचाच कर्करोग अग्रभागी आहे. तिथे धुरावलेले मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी तोंडात धरण्याची सवय यांकडे बोट दाखवले जाते.

या कोड्याचे एक संभाव्य उत्तर पुन्हा प्रतिकाराशी येऊन भिडते. २००० मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात उंदरांना आधी आतड्यातील जंत दिले आणि मग जठरजिवाणू. जंतांमुळे प्रतिकार टी-एच-१ कडून टी-एच-२ या सौम्य वळणाकडे झुकला. जिवाणूंची संख्या कमी न होताही जठराची झीज कमी झाली. ज्या खेड्यांत पिढ्यानपिढ्या अनवाणी शेतकाम आणि उघड्यावरील शौच यांमुळे जंतांचा प्रादुर्भाव होता, तिथे असेच काही घडत असावे, हा तर्क आकर्षक आहे. आहार, आनुवंशिकता आणि पूर्वीचे कमी आयुर्मान यांचा वाटा त्यात किती, हे वेगळे काढणे अवघड असल्याने तो तर्कच राहतो. शाळांमधून जंतनाशक गोळ्या देण्यात याने काही अडथळा येऊ नये. जंतांमुळे होणारा पांडुरोग हे खरे आणि आजचे नुकसान आहे. हा जिवाणूही आम्ल घटवून आणि लोहाचे शोषण अडवून पांडुरोगात भर घालतो. लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन चढत नाही आणि दुसरे कारण सापडत नाही, त्यांच्या जठराची तपासणी सुचवली जाते ती यासाठी.

संसर्ग पसरतो तो मुख्यतः घरातल्या घरात. आईला असेल तर मुलाला होण्याचा संभव वाढतो. उलटी, लाळ आणि विष्ठा या तिन्ही वाटा संभवतात. एका खोलीत अनेकांनी झोपणे, अस्वच्छ पाणी आणि शौचानंतर हात न धुणे यांच्याशी त्याचा संबंध वारंवार दिसला आहे. राहणीमान सुधारले की कोणत्याही औषधाशिवाय पुढच्या पिढीत प्रमाण उतरते. जपानमध्ये युद्धानंतर जन्मलेल्यांत ते असेच उतरले.

लसीचे प्रयत्न याच कारणाने रेंगाळले आहेत, की नैसर्गिक संसर्ग स्वतःच संरक्षण देत नाही. लसीला निसर्गापेक्षा वरचढ काम करावे लागते. चीनमध्ये सहा ते पंधरा वर्षे वयाच्या सुमारे साडेचार हजार मुलांना युरिएजच्या एका घटकापासून बनवलेली, तोंडाने घ्यायची लस किंवा तिच्यासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षी संरक्षण सुमारे ७२ टक्के होते. नंतर ते घटत गेले. ती लस सर्रास वापरात आलेली नाही.

म्हणून आज भिस्त औषधांवर आहे. व्रण, लसिका अर्बुद, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास, कारण न सापडलेला लोहन्यूनतेचा पांडुरोग अशा ठिकाणी जिवाणू शोधून नष्ट करतात. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा युरिया असलेल्या माध्यमात टाकला, की युरिएजमुळे माध्यमाचा पिवळा रंग गुलाबी होतो. श्वासाची आणि विष्ठेची तपासणीही आहे. उपचार म्हणजे आम्ल दाबणारे औषध आणि दोन किंवा अधिक प्रतिजैविके, साधारण चौदा दिवस. अर्धवट सोडलेल्या औषधांचा इथे विशेष तोटा होतो. २००३ च्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात तपासलेल्या जिवाणूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मेट्रोनिडाझोलला दाद देत नव्हते. हगवणीसाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या त्या गोळ्यांचा यातला वाटा उघड आहे.

जिवाणू गेल्यावर प्रतिकार माघार घेतो, पण एकदम नाही. न्यूट्रोफिल काही आठवड्यांत नाहीसे होतात. लिम्फोसाइट पेशींची गर्दी ओसरायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. झिजलेले अस्तर काही प्रमाणात भरून येते, आतड्यासारख्या झालेल्या पेशी मात्र बहुधा तशाच राहतात; म्हणून उपचार लवकर झाला तर कर्करोगाचा धोका जास्त घटतो. रक्तातील प्रतिपिंडे सर्वांत शेवटपर्यंत, कित्येकदा वर्षानुवर्षे, रेंगाळतात. त्यामुळे उपचार लागू पडला की नाही हे रक्ततपासणीवरून ठरवत नाहीत. त्यासाठी प्रतिजैविके संपून किमान चार आठवडे आणि आम्ल दाबणारे औषध थांबवून दोन आठवडे झाल्यावर श्वासाची किंवा विष्ठेची तपासणी करतात.